शिशाची दोन कामं

वडिलांच्या अँबेसेडरचं हेड उतरवून मेस्त्रींनी बाकावर उलटं ठेवलं. इनलेटचे व्हॉल्व्ह जागच्या जागी होते, एक्झॉस्टचे मात्र आत रुतलेले. "दादा, टॅपेट सारखे टाइट का होतात ते बघा. सीट खाल्लीय," ते म्हणाले. जुनी गाडी जपणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, की शिसं नसलेल्या पेट्रोलमध्ये कुठली बाटली ओतायची? उत्तर त्या उलट्या हेडमध्ये आहे.

९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेतल्या डेटनमध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. कम्प्रेशन वाढलं की उरलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच पेटतं आणि इंजिन ठोकू लागतं. शिशाने ते थांबलं, म्हणजेच ऑक्टेन वाढला. दुसरं काम आपसूक झालं. शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्टच्या सीटवर बसू लागला. तो नसेल, तर लालबुंद व्हॉल्व्ह मऊ बिडाच्या सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटतो, उघडताना लोखंडाचे कण ओरबाडतो आणि सीट हळूहळू खचते.

किंमत माणसांनी मोजली. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे द्रव्य बनवताना पाच कामगार दगावले. पुढे धुरातलं शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं हे सिद्ध झालं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि जुलै २०२१ मध्ये अल्जीरियात गाड्यांसाठीची जगातली शेवटची विक्री थांबली. ते परत यावं असं कोणत्याही गाडीवेड्याला वाटू नये.

म्हणून आधी आपल्या इंजिनाची खरी गरज ओळखा. ब्रिटनच्या एमजीबी गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन ८.८ कम्प्रेशनचं, हेड बिडाचं. तिला ऑक्टेनही हवा आणि सीटचं रक्षणही. अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन त्याच ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या घराण्यातलं, पण कम्प्रेशन कमी. तिची काळजी सीटची. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या सीट ठोकून बसवलेल्या असतात, तिथे बहुधा ऑक्टेन पाहिला की पुरतं.

ऑक्टेनसाठी पंपावर ९५ ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. तेही पुरत नसेल, तर टायमिंग थोडं मागे घेऊन ठोकणं थांबतं का ते पाहा. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, पण जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले डायफ्राम त्याने खराब होतात; ते इथेनॉल सोसणारे बसवा.

सीटसाठीच्या बाटलीत पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीज यांपैकी एखादं संयुग असतं. शिसं बंद होण्याच्या सुमारास ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने अशा औषधांच्या चाचण्या करून घेतल्या होत्या. माप चुकवू नका आणि दोन प्रकार एकत्र ओतू नका. नुसत्या 'ऑक्टेन बूस्टर'ने सीट वाचेलच असं नाही. विमानाच्या शंभर ऑक्टेन पेट्रोलच्या मोहात तर पडूच नका, त्यात शिसं आजही आहे. टेट्राएथिल लेड नुसतं हाताला लागलं तरी कातडीतून शरीरात जातं.

सावकाश चालणाऱ्या गाडीचं हेड उगाच उतरवू नये. टॅपेट वरचेवर तपासावेत. हायवेवर बराच वेळ जोरात पळणाऱ्या गाडीची सीट लवकर खचते. हेड उतरवायची वेळ आलीच, तर जुनी सीट कापून टणक पोलादी सीट बसवून घ्यावी. त्यानंतर सीटसाठी बाटलीची गरज उरत नाही.

आम्ही तेच केलं. चारही एक्झॉस्ट सीट नव्या बसल्या. पुढच्या सर्व्हिसला मेस्त्रींनी पंधरा थाउची (इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची) पत्ती टॅपेटखाली सरकवली. चारही ठिकाणी ती नव्या सीट बसवल्यावर गेली होती तितकीच सहज गेली. वडिलांनी स्वतः एकदा ती सरकवून पाहिली आणि बॉनेट लावलं.