फ्लॅट भाड्याने, कारभार मॅनेजरकडे: पहिल्यांदाच घरमालक झालेल्यांनी लक्ष कुठं ठेवायचं?

नोकरीसाठी बंगळुरूला किंवा दुबईला गेलेल्या माणसाचा पुण्यात एक फ्लॅट असतो. कर्जाचा हप्ता चालू असतो, घर बंद ठेवणं परवडत नाही आणि नळ गळला म्हणून दरवेळी रजा काढून येणंही जमत नाही. मग ओळखीतून एखादा एजंट किंवा घरं सांभाळणारी कंपनी सापडते. भाडेकरू शोधणं, करार, भाडेवसुली, दुरुस्त्या, सगळं आम्ही बघू म्हणते. मालक चावी देतो आणि निर्धास्त होतो.

चावी दिल्यावर काम मॅनेजरकडे जातं, पण कायद्याच्या नजरेत जबाबदारी मालकाचीच राहते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेणं हे घरमालकाचं काम आहे. ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'एजंटने केलं नाही' हे उत्तर तिथं चालत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचंही तसंच. मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तालयाच्या आदेशांनुसार ती दिली नाही, तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

कलम ५५ मधली एक ओळ तर दंडापेक्षा जास्त महाग पडते. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ही ओळ किती महाग पडू शकते, हे 'हेवी डिपॉझिट'च्या फसवणुकीत दिसतं.

एक घर, दोन करार

हेवी डिपॉझिट म्हणजे भाडेकरूने एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि महिन्याला भाडं द्यायचं नाही. मुदत संपली की रक्कम परत. मुंबईत ही पद्धत जुनी आहे, आणि तिच्या आडून एजंटांनी केलेल्या फसवणुकीच्या तक्रारीही पोलिसांकडे गेल्या आहेत.

समजा, मालकाला सांगितलं गेलं की घर महिना २५ हजारांवर गेलं, अनामत १ लाख. प्रत्यक्षात एजंटने भाडेकरूकडून ८ लाख हेवी डिपॉझिट घेतलं. त्यातले १ लाख तो मालकाला अनामत म्हणून देतो. मग दर महिन्याला २५ हजार 'भाडं' पाठवतो. ११ महिन्यांचे झाले पावणेतीन लाख. उरलेले सव्वाचार लाख त्याच्या हातात. भाडं पहिल्या तारखेला न चुकता येतंय म्हणून मालक खूश, आणि घर मिळालं म्हणून भाडेकरूही. मुदत संपते, फोन बंद होतो आणि दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात. एक म्हणतो माझं भाडं थकलंय, दुसरा म्हणतो माझे ८ लाख द्या, त्याशिवाय घर सोडत नाही.

इथं मालकाची बाजू वाटते तेवढी भक्कम नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ नुसार, एजंटला अधिकार आहेत असा समज मालकाच्या वागण्यातून समोरच्याचा झाला असेल, तर एजंटने अधिकाराबाहेर केलेल्या व्यवहारालाही मालक बांधील ठरू शकतो. चावी, घराची कागदपत्रं आणि 'सगळं त्यांच्याशीच बोला' हा व्हॉट्सॲप मेसेज, एवढ्यातूनही असा समज होऊ शकतो.

यावरचा उपाय फुकट आहे. करारापूर्वी मालकाने भाडेकरूशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलायचं आणि भाडं व अनामत हे दोन आकडे त्याच्या तोंडून ऐकायचे. दोन्ही रकमा थेट मालकाच्या बँक खात्यात घ्यायच्या आणि मॅनेजरला त्याची फी वेगळी द्यायची. बरेच मॅनेजर उलटं सुचवतात: भाडं आमच्याकडे येऊ द्या, फी कापून उरलेलं पाठवतो. सोयीचं वाटतं, पण मग भाडेकरूने किती दिले हे मालकाला फक्त मॅनेजरच्या तोंडून कळतं.

एजंटकडे महारेराचा नंबर आहे म्हणून निश्चिंत होणारेही बरेच असतात. रेराची एजंट नोंदणी प्रकल्पांमधल्या घरांच्या विक्रीसाठी आहे. भाड्याचा कारभार तिच्या कक्षेत येत नाही.

हिशोब मागणं हा हक्क आहे

पहिल्यांदाच मालक झालेल्यांना हिशोब मागायला संकोच वाटतो. अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटतं. पण त्याच १८७२ च्या कायद्याच्या कलम २१३ मध्ये स्पष्ट आहे की मालकाने मागितल्यावर एजंटने योग्य हिशोब द्यायलाच हवा. त्यासाठी वेगळ्या कराराचीही गरज नाही.

मागताना एकूण आकडा नको, फोड हवी. उदाहरणार्थ, 'करार नोंदणीचे ८ हजार' असं बिल आलं. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क असतं एकूण भाडं आणि अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेच्या पाव टक्का. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये. वरच्या उदाहरणात सरकारी खर्च २ हजारांच्या आसपासच बसतो. बाकी ६ हजार मॅनेजरची मजुरी असेल तर हरकत नाही, पण मग तसं लिहावं. नोंदणी झालेल्या कराराची प्रतही बिलासोबत यायला हवी.

दुरुस्त्यांसाठी एक मर्यादा आधीच लेखी ठरवावी, समजा २ हजार. त्याच्या आत मॅनेजरने परस्पर करावं. वर गेलं की आधी फोटो आणि दोन दरपत्रकं. प्लंबर मॅनेजरचाच मेहुणा असला तरी बिघडत नाही, पण ते मालकाला माहीत हवं. एजंट स्वतःच्या फायद्याचा व्यवहार मालकाला न सांगता करत असेल, तर कलम २१५ आणि २१६ मालकाच्या बाजूने आहेत.

काही गोष्टी तर मॅनेजरला न विचारताही कळतात. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या ॲपवर थकबाकी दिसते. मालमत्ता कर महापालिकेच्या साइटवर दिसतो. सोसायटीला सांगून मेंटेनन्सचं बिल थेट स्वतःच्या ईमेलवर मागवता येतं. त्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तपासावेत. २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. आणि सेक्रेटरीकाकांना महिन्या-दोन महिन्यांनी केलेला एक फोन कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातो.

मुखत्यारपत्र देताना

परदेशातल्या मालकाला करारासाठी कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते मॅनेजरला देण्यापेक्षा घरच्या माणसाला दिलेलं बरं. मॅनेजरलाच द्यायचं तर विशेष मुखत्यारपत्र द्यावं: अमुक फ्लॅट, फक्त लिव्ह अँड लायसन्स करार, इतक्या मुदतीसाठी. पैसे स्वीकारणं, विक्री किंवा गहाण यांचा अधिकार नाही, हे त्यात लिहावं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

अनिवासी भारतीय मालकाला भाडं देताना टीडीएस कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर असते, म्हणून मालक परदेशात आहे हे मॅनेजरने भाडेकरूला आधीच सांगायला हवं. मॅनेजरची फी मात्र करात वेगळी वजा होत नाही. ती भाड्याच्या उत्पन्नावरच्या ३० टक्क्यांच्या सरसकट वजावटीतच धरलेली असते.

मॅनेजर बदलायची वेळ आलीच, तर त्याला पत्र देऊन थांबू नये. कलम २०८ नुसार, एजंटचे अधिकार काढल्याचं भाडेकरूला कळत नाही, तोपर्यंत त्याच्यापुरते ते चालूच राहतात. त्यामुळे त्याच दिवशी भाडेकरूला, सोसायटीला आणि मुखत्यारपत्र असेल तर ते जिथं जिथं दिलं आहे तिथं लेखी कळवावं. चाव्यांचे सगळे जोड परत घ्यावेत, आणि मॅनेजरकडे एखादी चावी राहिल्याची शंका असेल तर कुलूप बदलावं.