दोन मायक्रॉनची मुभा

बाबांची काळी स्विफ्ट सकाळच्या सावलीत कालच शोरूममधून आणल्यासारखी दिसायची. रात्री पार्किंगमधल्या एलईडी बल्बखाली मात्र तिच्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं उमटायचं. उजेडाच्या ठिपक्याभोवती एकात एक शेकडो बारीक वर्तुळं. आपण दोन पावलं सरकलो की जाळंही बरोबर सरकायचं.

त्या रेघा मुळात गोल नसतात. त्या वाटेल तशा, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, बाकीच्या लपून राहतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. हात गोल फिरवून पुसा की सरळ, जाळं गोलच दिसणार. बाबा बारा वर्षं रोज सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्याने गाडी पुसत आले. कोरडीच. पुण्यात बांधकामांची धूळ रात्रभर गाडीवर बसते, तिच्यात वाळूचे कण असतात आणि मऊ कापडाखाली तेच कण रंगावरून फिरतात. ज्या हाताने गाडी जपली त्याच हाताने ती ओरखडली गेली होती. हे कळल्यावर ते ओरखडे मला स्वतःलाच काढायचे होते. मशीनने पॉलिश करायला मी शिकले ती त्यासाठी.

गॅरेजमध्ये या कामाला ‘रबिंग’ म्हणतात. शब्द ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळातला. तेव्हा गाडीचा रंग एकाच जातीचा, वरपासून खालपर्यंत सारखा असे. कंपाऊंड लावून घासलं की उन्हाने विटलेला रंग फडक्यावर येई आणि खालचा ताजा रंग उघडा पडे. 1980 च्या दशकापासून जगभर दुसरी पद्धत रुळली: खाली रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. आपले मिस्त्री त्याला ‘लॅकर’ म्हणतात. आता घासताना फडक्यावर रंग येत नाही. किती गेलं ते डोळ्याला कळत नाही आणि नवशिक्याचा घात तिथेच होतो.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी प्राइमरच्या हौदात बुडवून विजेच्या भाराने त्यावर साधारण 20 मायक्रॉनचा थर बसवतात. त्यावर सरफेसर, मग रंगाचा अगदी पातळ थर, मग 35 ते 50 मायक्रॉन क्लिअर कोट. सगळं मिळून 100 ते 140 मायक्रॉन. माणसाचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे हा क्लिअर कोट केसाहून पातळ. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनंही याच थरात असतात. तो फार झिजला की रंग उघडा पडतो, आणि मग टपावर पांढरे डाग, सुटलेले पापुद्रे. पौडफाट्यावर सिग्नलला पाच मिनिटं थांबलं तरी अशी एखादी गाडी दिसते.

पॉलिश म्हणजे वर काहीतरी चढवणं, ही समजूत मलाही होती. चढवायचं असतं ते वॅक्स किंवा कोटिंग, आणि ते नंतर. पॉलिश करताना ओरखडा बुजवत नाहीत, त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. शेतातला खड्डा भरायचा सोडून सगळं शेतच खड्ड्याइतकं उतरवायचं, असा हा प्रकार. बारीक जाळ्याला दोन-तीन मायक्रॉन पुरतात. नख अडकेल इतका खोल चरा काढायला गेलं तर शेतच संपतं.

उतरवायचं काम कंपाऊंडमधले ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे कण करतात, ते फिरवायचं काम मशीन. मशीन दोन जातींची. पहिलं रोटरी: पॅड एकाच आसाभोवती, एकाच दिशेने, मिनिटाला सहाशेपासून तीन हजार फेरे. फार ताकदीचं आणि तितकंच गरम. एका जागी थांबलं की उष्णता साचते आणि सराव नसलेल्या हातातून ते उन्हात झळकणारे लांब पट्टे मागे ठेवतं. कारागीर त्यांना हॉलोग्राम म्हणतात. दुसरं ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए. यात पॅडचा मध्य आसापासून जरा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे पॅड आठ, पंधरा किंवा एकवीस मिलिमीटर व्यासाच्या छोट्या वर्तुळात थरथरतं आणि त्या थरथरण्यातूनच स्वतःभोवती हळूहळू फिरतं. एकवीसची लांब फेरी लोकप्रिय केली ती मिलानजवळच्या रुपेस या इटालियन कंपनीने.

डीएमधली कळीची गोष्ट ही की, स्वतःभोवती फिरायला पॅडला कुणी भाग पाडत नाही. जास्त दाबलं किंवा वक्र पत्र्यावर तिरकं धरलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते, आणि त्या थरथरीने ओरखडा फारसा हलत नाही. म्हणून पॅडमागच्या चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवायची. रेघ फिरताना दिसते तोवर काम चाललंय. हातून चूक झाली की यंत्र थांबून सांगतं. असा शिक्षक मिळणं कठीण. नवशिक्याने डीएच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. रोटरी थांबत नाही, ते जाळतं.

हे मला हडपसरच्या एका रंगारी मिस्त्रींनी दाखवलं. तीस वर्षं रोटरी चालवलेला हात. भंगारातून आणलेलं एक बॉनेट त्यांनी माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, “ताई, आधी हा पत्रा जाळा. जाळल्याशिवाय हात बसायचा नाही.” मी रोटरी सुरू करून बॉनेटच्या कडेवर टेकवलं. चार सेकंदांत गरम प्लास्टिकसारखा वास आला आणि लाल रंगाच्या मधोमध करडा प्राइमर उघडा पडला. कडेवर आणि पत्र्याच्या धारदार घडीवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा भार तेवढ्याच रेषेवर येतो. तेव्हापासून कडांना पिवळी मास्किंग टेप लावल्याशिवाय मी मशीनची वायर सॉकेटला लावलेली नाही. बांगड्या, अंगठी, ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे आणि वायर खांद्यावरून मागे टाकायची, नाहीतर तीच पत्र्यावर घासते. हेही त्यांचंच.

स्विफ्टचं काम तीन रविवार चाललं. त्यातला जवळजवळ अख्खा पहिला रविवार मशीनला हात न लावता गेला. आधी शाम्पूने धुणं, मग चाकांच्या ब्रेकमधून उडून रंगात रुतलेल्या लोखंडी कणांवर औषध फवारणं. लोखंडाशी गाठ पडताच ते जांभळं होऊन ओघळतं. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क रव्यासारखा लागतो. तो रवा क्ले बारने उचलायचा, कणकेसारखा मळत आणि दर वेळी स्वच्छ बाजू वर आणत. हे न करता पॉलिश केलं तर तेच कण पॅडमध्ये अडकून नवं जाळं विणतात.

दुसऱ्या रविवारी रंगाची जाडी मोजायचं मीटर उसनं आणलं. बॉनेटवर 112, टपावर 108. ड्रायव्हरच्या दारावर 236. दारावर दुसऱ्यांदा रंग मारला गेला होता आणि मला ते माहीत नव्हतं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “2016 साली खांबाला लागली होती. तुझ्या आईला सांगितलं नव्हतं.”

मग चाचणीचा चौकोन. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आखली. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश आधी. भागलं नाही तरच वरची पायरी. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके. मशीन पत्र्यावर टेकवून मगच चालू करायचं, नाहीतर भिंतीपर्यंत शिंतोडे. कमी वेगावर पसरवून घ्यायचं, मग वेग वाढवून आडव्या आणि उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी. हात सेकंदाला इंचभरच सरकला पाहिजे. नवशिक्याचा हात हमखास याच्या दुप्पट पळतो. माझाही पळाला. मोबाइलवर ‘एक, दोन, तीन’ अशी ठेक्यातली मोजणी लावली तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला.

पुसल्यावर आरशासारखं दिसलं. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून त्यांना झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून फवारलं, पुसलं, टॉर्च टेकवला: निम्मं जाळं परत वर आलं. पॅड एक पायरी कडक घेतलं, पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा अल्कोहोल. या वेळी टॉर्चच्या उजेडाचा ठिपका काळ्या रंगात एकटाच उभा होता, भोवती काही नव्हतं. मी टॉर्च बराच वेळ धरून बसले. बाबा मागून येऊन वाकले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले, बोट लागू नये म्हणून.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचं आणि पत्रा गरम वाटला तर सावलीतही थांबायचं. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता लवकर साचते, तिथे वेग आणखी कमी. त्यावर साधं मीटरही चालत नाही, ते फक्त धातूवर मोजतं. बंपरवरचं थोडं जाळं मी तसंच सोडलं.

बॉनेटवर पाच-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढली: आधी 112, नंतर 110. एवढा फरक साध्या मीटरच्या चुकीतही बसू शकतो, पण लिहून ठेवला. मागच्या दाराच्या हँडलखाली नखाला लागणारा एक चरा आहे, तो काढलेला नाही. प्रत्येक पत्र्याचे आकडे, तारीख, पॅड आणि पॉलिशचं नाव, आणि शेवटी ‘मागच्या दाराचा चरा मुद्दाम ठेवला आहे’ असं लिहिलेला कागद गाडीच्या सर्व्हिस बुकात, इन्शुरन्सच्या मागे, घडी घालून ठेवला आहे.