इस्लामी बँकव्यवसाय : जनमानसातील समज

इस्लामी धर्मशास्त्रात व्याज (रिबा) निषिद्ध मानलेले असल्यामुळे व्याजाऐवजी व्यापारी नफा, भाडे वा भागीदारी यांच्या आधारे ठेवी स्वीकारणे व भांडवल पुरविणे, या व्यवहारास इस्लामी बँकव्यवसाय असे म्हणतात. मद्य, जुगार इ. वर्ज्य धंद्यांत पैसा न गुंतविणे, हेही त्याचे एक अंग होय. भारतात असा व्यवसाय करणारी परवानाधारक बँक नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील सुशिक्षितांचाही त्याविषयीचा परिचय बहुधा ऐकीव आहे. इस्लामी बँक म्हणजे बिनव्याजी कर्ज देणारी धर्मादाय संस्था, हा त्यांतील विशेष रूढ समज असून तो अर्धाच खरा आहे.

बिनव्याजी उसनवारीस ‘कर्जे हसना’ अशी संज्ञा आहे. तथापि बँकेचा मुख्य व्यवहार नफ्यासाठीच असतो. पुणे जिल्ह्यातील कुरुळी-चाकण औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकास १० लाख रुपयांचे लेथ यंत्र हवे आहे, असे समजू. नेहमीची बँक त्यास तेवढे कर्ज देऊन शिल्लक रकमेवर व्याज आकारील. इस्लामी बँक ते यंत्र स्वतः विकत घेईल आणि आपला नफा धरून, उदा., साडेअकरा लाखांस, हप्त्यांनी त्यास विकील (मुराबहा). ही किंमत एकदा ठरली, की हप्ता लांबला तरी ती वाढत नाही. यंत्राची मालकी स्वतःकडे ठेवून ते भाड्याने दिल्यास तो व्यवहार ‘इजारा’ ठरतो. दोघांनीही भांडवल घालून नफा व तोटा वाटून घेतल्यास ‘मुशारका’ आणि भांडवल सर्वस्वी बँकेचे व श्रम उद्योजकाचे असल्यास ‘मुदारबा’ होते. मुदारबात धंदा बुडाल्यास भांडवलाची हानी बँकेस आणि पर्यायाने तिच्या गुंतवणूकदार-ठेवीदारांस सोसावी लागते.

हे व्याजाचेच दुसरे नाव आहे, अशी शंका मुसलमानांतही व इतरांतही घेतली जाते. मुराबहाच्या बाबतीत ती अगदीच निराधार नाही. कारण नफ्याचे प्रमाण ठरविताना बँका पुष्कळदा प्रचलित व्याजदरच डोळ्यांपुढे ठेवतात. भागीदारीच्या व्यवहारांस ती लागू पडत नाही. परंतु असे व्यवहार जगभरच्या इस्लामी बँकांत अल्पच राहिले आहेत.

व्याजाविषयीचा अविश्वास महाराष्ट्रास परका नाही. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा नियम हिंदू विधीत होता आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. मात्र तो राग अवाजवी व्याजाविरुद्ध होता, व्याजमात्राविरुद्ध नव्हे.

आधुनिक इस्लामी बँकव्यवसायाचा प्रारंभ सामान्यतः ईजिप्तमधील मीत घम्र येथे अहमद अल्-नज्जार यांनी १९६३ मध्ये काढलेल्या बचत बँकेपासून मानतात. दुबई इस्लामी बँक १९७५ मध्ये स्थापन झाली. ही सेवा केवळ मुसलमानांसाठी असते, हा समजही बरोबर नाही. मलेशियात इतर धर्मीयही या बँकांचे ग्राहक आहेत. तथापि नाव परिचयाचे असले, तरी व्यवहार समजलेला असतोच असे नाही. जेरार्ड व कनिंगहॅम यांनी सिंगापूरमध्ये केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुसलमान उत्तरदात्यांनाही मुराबहासारख्या संज्ञांचा अर्थ फारसा ठाऊक नसल्याचे आढळले.

महाराष्ट्रात बिनव्याजी व्यवहार मुख्यतः सहकारी पतसंस्थांच्या रूपाने झाला. मुंबईत १९७६ मध्ये ‘बैतुन्नस्र’ व २०१० मध्ये ‘जनसेवा’ या पतसंस्था निघाल्या. बाँबे मर्कंटाइल सहकारी बँक (१९३९) ही मात्र मुसलमान व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने निघालेली असली, तरी नेहमीप्रमाणे व्याजावर चालणारी बँक आहे. संस्थापकांच्या धर्मावरून बँकेचा प्रकार ठरविण्याची चूक येथे सहज होऊ शकते. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी ठेवी व कर्जे यांचा उपक्रम सुरू केला, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन इस्लामी बँकव्यवसाय असेच केले. एरव्ही व्याज टाळू इच्छिणारे खातेदार चालू खात्यात पैसे ठेवतात किंवा जमा झालेले व्याज गरजूंना देऊन टाकतात.

परवानाधारक इस्लामी बँक नसण्याचे मुख्य कारण कायद्यात आहे. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या आठव्या कलमानुसार बँकेस मालाची खरेदीविक्री करता येत नाही. म्हणजे वरील उदाहरणातील लेथ यंत्र तिला व्यापारासाठी घेताच येणार नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकसेवेची शिफारस केली होती. परंतु सर्व नागरिकांना बँकसेवेची व्यापक व समान संधी उपलब्ध असल्यामुळे हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली कळविले.

अधिकृत बँक नसताना अज्ञानाचा लाभ इतरांनी उठविला. बंगळुरूच्या आय मॉनिटरी ॲडव्हायझरी या कंपनीने धर्मसंमत गुंतवणुकीच्या नावाखाली मोठ्या परताव्याचे आमिष दाखविले. २०१९ मध्ये ती कोसळून हजारो कुटुंबांची बचत अडकली. ज्या मुदारबाचा आधार असे प्रवर्तक सांगतात, त्यात तोट्याची जोखीम अंगभूत आहे, याची पुरेशी कल्पना गुंतवणूकदारांस नसते. शिवाय कंपनीतील अशी गुंतवणूक ही बँकेतील ठेव नसल्याने तिला ठेवविम्याचे संरक्षणही नसते. नियंत्रित भांडवलबाजारातील मार्ग मात्र खुला आहे. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरीयतसंमत अशा ५० कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. मद्यनिर्मिती, व्याजी वित्तव्यवहार आणि अतिरिक्त कर्जभार असणाऱ्या कंपन्या त्यातून वगळल्या होत्या.