जुन्या गाडीतला आवाज कसा शोधायचा

मसाले, पापड, लोणची यावर आपण पुष्कळ बोललो. आज तो माल बाजारात पोचवणाऱ्या गाडीविषयी बोलूया.

आमच्या गटाकडं एक ओम्नी आहे, वापरलेलीच घेतलेली. ही गाडी 1984 साली बाजारात आली आणि 2019 साली बनायची बंद झाली, म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. आमची अजून गारगोटीकडनं कोल्हापूरला चटणीचे डबे आणते. गाडी चालवतात माझ्या धाकट्या जाऊबाई.

गेल्या पावसाळ्यात गाडी 'टक' करायला लागली. आधी वाटलं, डबे आपटत असतील. डबे उतरवले तरी टक आहेच. एका गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय ताई, बदलायलाच लागतंय." खर्चाचा आकडा ऐकला तर गटाची तीन महिन्यांची बचत त्यात जाणार! बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, गाडी विकून टाका. जाऊबाई म्हणाल्या, "आवाज कुठनं येतोय ते तरी आधी बघू."

मग आम्ही वही घेतली. आजारी माणसाला डॉक्टर विचारतात ना, दुखतं कधी, कुठं, कशानं वाढतं? तसंच.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकाबरोबर? गाडी उभी करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि थोडी रेस द्या. आवाज आला तर तो इंजिनाच्या बाजूचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालताना येतो, तर चाकं, ब्रेक, पाटे नाहीतर शाफ्टकडं बघायचं. एवढ्यानं निम्मं काम होतं. हे मात्र मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नको. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सायलेन्सरचा जोड फुटून फटफट आवाज येत असेल तर धूर आपल्याच नाकात जातो, आणि त्यातल्या एका विषारी वायूला वासही नसतो. असा आवाज आला तर काचा उघडा आणि दुरुस्ती लांबवू नका.

दुसरं, आवाजाची जात ओळखा. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताना 'कुईऽऽ' झालं आणि थोड्या वेळानं थांबलं, तर बहुतेक पट्टा ओला किंवा सैल असतो. ब्रेक दाबल्यावर चिरकतं, तेव्हा ब्रेकचे पॅड झिजत आलेत का ते बघून घ्यायचं. घासल्यासारखी खरखर असेल तर लोखंडावर लोखंड घासत असण्याची शक्यता जास्त, त्याच दिवशी दाखवा. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर, आणि वळणावर ती कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. खड्ड्यात कुरकुरतात ते पाटे आणि त्यांचे रबरी बुश. आणि चाकाकडनं टक-टक येतं, वेग वाढला की भराभर येतं, तर गाडी तिथंच बाजूला घ्या आणि पान्यानं चाकाचे नट तपासा. पंक्चर काढल्यावर नट सैल राहिले तर चाक निखळू शकतं. हा एक आवाज घरी जाऊन बघू म्हणण्यातला नव्हे. इंजिनातून ठोकल्यासारखा जड आवाज आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तरी इंजिन लगेच बंद.

आम्ही काय केलं? गाडी रिकामी केली, स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटलीसुद्धा काढली. जाऊबाई चालवणार, मी मागं बसून ऐकणार. चालवणारीनंच ऐकायचं म्हटलं तर रस्त्याकडं लक्ष राहत नाही. फोनवर आवाज रेकॉर्डही केला, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी नेमकी गप्प बसते!

दोन दिवसांत वहीत स्पष्ट झालं. उभ्या गाडीत आवाज नाही. क्लच सोडून गाडी हलते त्या क्षणी एकदा टक. पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकला की परत टक. खड्ड्याशी संबंध नाही, ब्रेकशी नाही. आवाज गाडीच्या मधोमध, खालून.

ओम्नीत इंजिन पुढं आणि ताकद जाते मागच्या चाकांना. ती नेतो गाडीखालचा लांब शाफ्ट. त्याला सांधे असतात, गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात. आपल्या गुडघ्यासारखंच, वंगण संपलं की सांधा झिजतो, ढिला होतो आणि जोर लागला की आपटतो. तसंच चालवत राहिलं तर शाफ्ट सुटून रस्त्यावर पडू शकतो, म्हणून दुर्लक्षही चालत नाही.

वही घेऊन आम्ही उद्यमनगरात दुसऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, गाडी पिटवर घेतली आणि हातानं शाफ्ट दोन्हीकडं पिळून दाखवला. मागचा क्रॉस खटखट हलत होता. गिअरबॉक्सला काही झालं नव्हतं. पहिल्या गॅरेजवाल्यानं फसवलंच असं मी म्हणणार नाही, कारण टक शाफ्टातून घुमत पुढं ऐकू येते. पण त्यानं खाली वाकून बघितलं नव्हतं हे खरं.

तुम्ही स्वतः मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी जाऊ नका, जॅक घसरतो. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून लांब. आणि आवाज ऐकायला म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, घाटात तर अजिबात नाही.

बदललेला जुना क्रॉस आम्ही मागून घेतला आणि बैठकीत सगळ्यांना हातात दिला. गाडी विकायचा विषय तिथंच मिटला. पुढच्या बाजाराला आम्ही चटणी घेऊन लक्ष्मीपुरीत होतो. आता सरकता दरवाजा खडखडतोय. तो शोधायचं काम जाऊबाईंनी माझ्याकडं दिलंय.