मांजरीहून आणलेला धडा



पौषातल्या थंडीत आम्ही काही सभासद बेण्याच्या कामाला पुण्याकडे निघालो. खंबाटकी घाट ओलांडला तेव्हा कुठे ऊन अंगाला लागले. शहरातली कामे उरकून मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शिवारात पोचलो. सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी १९७५ साली उभारलेली ही संस्था. १९८९ साली दादा गेले, मग तिला आपल्या सांगलीच्या या माणसाचे नाव मिळाले.

आम्ही गाऱ्हाणे मांडले, "खत-पाणी वाढवतो, तरी एकरी टनेज घसरतंय." उलट प्रश्न आला, "बेणं कुठलं?" आम्ही गप्प! खोडव्यातलेच तोडून लावलेले.

काणी, गवताळ वाढ हे रोग मुख्यतः बेण्यातून पसरतात. म्हणून आधी उष्ण हवेची प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित, असा क्रम. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच हवे आणि तीन-चार वर्षांनी बदलायला हवे.

को ८६०३२ असो की फुले २६५, जात चांगली पण बेणे रोगट, तर काय उपयोग? बेण्यात चार पैसे वाचवून आपण टनांनी गमावतो. तेव्हा येत्या लागणीआधी गट ऑफिसात बेण्याची नोंद करा. आम्ही आमची केली आहे.