मोठ्या माशाची गळस्पर्धा : उतरण्यापूर्वी आणि भरविण्यापूर्वी

नागपूरहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र दूरच आहे. तथापि विदर्भ हा तलावांचा प्रदेश असल्याने पाण्याकाठी गळ टाकून बसण्याचा छंद येथे परका नाही. हा छंद पुढे गेला, की मोठ्या माशासाठी भरणाऱ्या स्पर्धेत आपणही उतरावे असे काहींना वाटू लागते. दुसरीकडे, एखादी हौशी मंडळी गावच्या तलावावर अशी स्पर्धा भरविण्याची परवानगी मागण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहू शकते. अशा वेळी सरपंचांनी काय विचारावे, शिक्षकांनी मुलांना काय सांगावे आणि अधिकाऱ्यांनी काय तपासावे, हे कळण्यासाठी या खेळाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

खेळाची परंपरा

जाळे टाकून मासे पकडणे हा व्यवसाय होय. एकाच माणसाने एकाच काठीवर आपल्याहून बलवान माशाशी झुंज देणे हा खेळ होय. या खेळाला संघटित रूप अमेरिकेत आले. १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटापाशी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलो वजनाचा कुपा मासा गळाने पकडला. त्याच वर्षी तेथील ॲव्हलॉन गावी ‘टूना क्लब’ स्थापन झाला. पुढे १९३९ मध्ये ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ ही संस्था निघाली. जगातील विक्रमांची नोंद ती ठेवते आणि बहुतेक मोठ्या स्पर्धा तिचेच नियम प्रमाण मानतात. १९५३ साली पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी पकडलेला काळा मार्लिन १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून अधिक वजनाचा होता. हा मासा एका माणसाने एका काठीवर आणला, यातच त्या विक्रमाचे मोल आहे.

स्पर्धेचे नियम

स्पर्धकास प्रथम अर्ज व प्रवेश शुल्क भरावे लागते. आदल्या दिवशी सहसा सर्व स्पर्धकांची सभा होते. पाण्यात गळ टाकण्याची व काढण्याची वेळ, क्षेत्राची सीमा, किमान वजन किंवा लांबी, मासा तुळेपाशी आणण्याची शेवटची घटका आणि तक्रार नोंदविण्याची पद्धत या सभेत सांगितली जाते. सभेस गैरहजर राहून नंतर अज्ञानाची सबब सांगता येत नाही.

दोऱ्याची प्रतवारी हा नियमांचा कणा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत दोऱ्याचे वर्ग १ किलोपासून ६० किलोपर्यंत आहेत. १५ किलोच्या वर्गात भाग घेणाऱ्याचा दोरा १५ किलो ताणाच्या आतच तुटला पाहिजे. तो अधिक बळकट आढळल्यास मासा त्या वर्गात धरला जात नाही. म्हणजे बारीक दोऱ्यावर मोठा मासा आणण्यात कौशल्य, आणि जाड दोऱ्याने ओढून आणण्यात केवळ बळ, हा भेद नियमानेच मान्य केला आहे.

दुसरा दंडक असा, की गळाला मासा लागल्यापासून तो जवळ येईपर्यंत काठी, चरखी वा मुख्य दोरा यांना दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. गळालगतचा जाड दोरा हाताशी आल्यावरच सहकाऱ्याने मदत करावयाची असते. झुंजीत काठी मोडली, किंवा माशाला दुसऱ्या जलचराने अथवा नावेच्या पंख्याने जखम केली, तर तो मासा बाद ठरतो. कारण जखमी मासा पूर्ण बळाने झुंजलेला नसतो.

हा नियम किती कठोरपणे पाळला जातो, हे जून २०२३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात दिसून आले. ‘बिग रॉक’ या मार्लिन माशाच्या स्पर्धेत एका नावेने ६१९.४ पौंडांचा मासा आणला. वजनात तो सर्वांत पुढे होता आणि त्यावर सुमारे ३५ लाख डॉलरांचे बक्षीस अवलंबून होते. परंतु त्याच्या अंगावर शार्कने घेतलेल्या चाव्याची खूण आढळल्याने तो बाद झाला आणि ४८४.५ पौंडांच्या माशास पहिला क्रमांक मिळाला. याच्या नेमके उलट उदाहरण २०२२ सालचे आहे. ओहायो राज्यातील एका स्पर्धेत वजन वाढविण्यासाठी माशांच्या पोटात शिशाचे गोळे घातल्याचे तुळेपाशीच उघडकीस आले आणि प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले. नियमाने हरलेल्याची प्रतिष्ठा राहते, लबाडीने जिंकू पाहणाऱ्याची राहत नाही.

गोड्या पाण्यातील मानकरी

आपल्या देशात गोड्या पाण्यातील या खेळाचा मानकरी म्हणजे महसीर. १९४६ साली म्हैसूरकडील काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महसीर गळाने पकडला होता. महसीराची दख्खनी जात पुण्याकडे खडस किंवा खडशी या नावाने ओळखली जाते. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील माशावरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या ‘तोर खुद्री’ या शास्त्रीय नावात मराठी नावाचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे हे मासे देवीचे मानले जातात व गावकरी त्यांना धक्का लागू देत नाहीत.

धरणे, प्रदूषण आणि सुरुंग यांमुळे महसीराची संख्या घटत गेली. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले आणि तेथील बोटुकली अनेक राज्यांत पोचली. या जातीबाबतची चिंता पुढे कमी झाली, हे त्या कार्याचे यश होय. मात्र याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कावेरी नदीत बाहेरून सोडलेली ही जात फोफावली, आणि त्या नदीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे पडत गेला. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मासा चांगला असला तरी तो कोणत्या पाण्याचा, हे पाहिल्यावाचून तो सोडू नये, हा धडा कावेरीने दिला आहे. केवळ स्पर्धेची शोभा वाढावी म्हणून विदर्भातील तलावांत महसीर आणून सोडण्याची कल्पना कोणी मांडल्यास, नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांचे मत प्रथम घ्यावे. आपल्या जलाशयांत कटला वीस किलोंपलीकडे वाढू शकतो. खेळासाठी तो पुरेसा आहे.

सोडलेला मासा जगला पाहिजे

आता अनेक स्पर्धांत मासा मारून तोलण्याऐवजी त्याची लांबी मोजून, छायाचित्र घेऊन तो परत सोडतात आणि त्याबद्दल गुण देतात. मात्र पाण्यात परत टाकलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. यासाठी टोकाला उलटा काटा नसलेला, वर्तुळाकार गळ वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. मासा हाताळताना हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. मोजमाप ओल्या कापडावर, काही क्षणांत उरकावे. नंतर मासा पाण्यात सरळ धरून ठेवावा आणि तो स्वतःच्या बळाने निघाला म्हणजेच हात सोडावा.

विदर्भात ऋतूचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. पाणी जितके तापते तितका त्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटलेले आणि तापलेले असतात, तेव्हा झुंजीने थकलेला मासा सावरत नाही. पावसाळ्याचे पहिले महिने हा आपल्या प्रमुख माशांचा विणीचा काळ होय. हे दोन्ही काळ टाळून पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यापूर्वी स्पर्धा घेणे योग्य ठरते.

पाणी कोणाचे ?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. पूर्व विदर्भातील हजारो माजी मालगुजारी तलाव पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि ते शासनाकडे आले. आज कोणता तलाव जिल्हा परिषदेकडे, तर कोणता पाटबंधारे खात्याकडे आहे. मासेमारीचा ठेका मात्र बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. या संस्थांत ढीवर व भोई समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ती ठेक्याची रक्कम भरतात, मत्स्यबीज विकत घेतात आणि माशांची वाढ होईपर्यंत राखण करतात. हौशी गळवाल्याच्या दृष्टीने तलावातील मोठा कटला म्हणजे बक्षीस, पण त्या कुटुंबांच्या दृष्टीने ती गुंतवणूक आहे. तेव्हा संस्थेची लेखी संमती नसेल तर ग्रामपंचायतीने परवानगीचा अर्ज पुढे नेऊ नये. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे, याचेही स्मरण ठेवावे.

काही पाण्याला मात्र हात लावावयाचाच नाही. नागपूर जिल्ह्यातील तोतलाडोह जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात येतो. पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान व १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तेथे जाळ्याने वा गळाने मासेमारी करण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. जाळ्यावर पोट असलेल्या माणसाला जे पाणी बंद झाले, ते हौशी माणसाला खुले असू शकत नाही, हे न्यायाचेही म्हणणे आहे.

अर्ज करताना व मंजूर करताना

स्पर्धकाने अर्जावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मासा सोडावयाचा की ठेवावयाचा ? दोऱ्याचा वर्ग व गळाचा प्रकार कोणता ? आणि त्या पाण्याची परवानगी कोणाकडून घेतली आहे ? तिसऱ्या प्रश्नास लेखी उत्तर मिळत नसेल, तर प्रवेश शुल्क भरू नये. खोल पाण्यात नावेतून उतरणाऱ्याने तरंगजाकीट घातलेच पाहिजे, मग तो कितीही पोहणारा असो.

परवानगी देणाऱ्यांनी संस्थेची संमती, ऋतू, स्पर्धकांची कमाल संख्या आणि मासा सोडण्याची पद्धत या चार बाबी कागदावर आणाव्यात. प्रवेश शुल्काचा ठरलेला भाग संस्थेच्या खात्यात जमा व्हावा. मेलेला प्रत्येक मासा संस्थेच्या हिशेबात धरून त्याची किंमत आयोजकांनी द्यावी. पंच व नावाडी म्हणून संस्थेचे सभासद नेमले, तर दोन लाभ होतात. त्यांना मोबदला मिळतो, आणि ज्याला त्या पाण्याचा तळ ठाऊक आहे असा माणूस तुळेपाशी उभा राहतो.

शाळांनीही या निमित्ताने मुलांना गावच्या तलावात कोणकोणते मासे आहेत, त्यांची स्थानिक नावे काय आणि पूर्वी असलेला कोणता मासा आता दिसत नाही, याची नोंद करावयास सांगावे. गावातील वृद्ध मच्छीमारांइतका उत्तम शिक्षक या विषयाला दुसरा मिळणार नाही.

मोठा मासा ही एका दिवसात उगवणारी वस्तू नव्हे. अनेक पावसाळे पाहिल्यावर तो त्या आकाराला येतो, आणि तोवर कोणीतरी त्याच्या पाण्याची राखण केलेली असते. स्पर्धेत उतरणाऱ्याने माशाशी झुंजावे. मात्र त्यापूर्वी राखणदाराची परवानगी घ्यावी.