बालाघाटावरचे वणवे
धाराशिव जिल्ह्यातला वणवा मुख्यतः गवताचा असतो. बालाघाटाच्या डोंगररांगेवर मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम नि कातळ. त्यावर पळस, धावडा, खैर, बोर अशी विरळ झाडी वाढते आणि मधली जागा कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते व्यापतात. जिल्ह्याच्या ७,५६९ चौरस किलोमीटरपैकी एक टक्काही जमीन वनाच्छादित नाही. १९९७ मध्ये घोषित झालेले येडशी-रामलिंग घाट अभयारण्य अवघे २२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तिथपर्यंत पोहोचला. एवढ्याशा जंगलात एका दुपारचा वणवाही फार मोठी हानी करतो.

पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत दिवाळीनंतर वाळू लागते आणि फेब्रुवारीपासून ठिणगीची वाट पाहते. ती ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते: बांध किंवा उसाचे पाचट पेटवताना उडालेली, मध काढणाऱ्याच्या धुरातली, रस्त्याकडेला टाकलेल्या बिडीची. जुने गवत जाळले की नवे जोमाने फुटते, या समजुतीनेही माळ पेटवले जातात. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आग चढावर जास्त वेगाने धावते, कारण ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. म्हणून वन विभाग उन्हाळ्याआधी गवत काढून जाळरेषा आखतो. उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना हल्ली मोबाइलवर येते. पण डोंगरावर पोहोचून ओल्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपायच्या असतात त्या वनमजुरांनी आणि गावकऱ्यांनीच. या कष्टाची दखल फार कमी घेतली जाते.

आगीच्या कडेने कोतवाल पक्षी पळणारे किडे टिपत फिरतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या तितर, लावा, टिटवी यांची घरटी मात्र वाचत नाहीत.

काळ्या पडलेल्या उताराखाली बरेच काही जिवंत असते. गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि माती उष्णता खाली जाऊ देत नाही, त्यामुळे काही सेंटिमीटर खोलीवरची मुळे व ठोंब शाबूत राहतात. कुसळीची युक्ती तर विलक्षण आहे. तिच्या बियाण्याचे लांब कुसळ ओल लागली की उलगडते, सुकले की पिळते आणि बी स्वतःला मातीत रोवून घेते. पळस मुळांपासून पुन्हा फुटतो. राखेतून पालाश व कॅल्शियम मातीला मिळते, पण बराचसा नत्र धुरासोबत निघून जातो.

खरी कसोटी पहिल्या पावसात लागते. झाकण गेलेल्या उतारावर वळवाच्या सरी थेट आदळतात आणि आधीच तुटपुंजी माती ओढ्याला नेतात. ठोंबांना त्याच सुमारास हिरवे कोंब येतात आणि भुकेली जनावरे तिकडे वळतात. उस्मानाबादी शेळी हा इथल्या कोरडवाहू कुटुंबांचा मोठा आधार. उन्हाळ्यात चारा जळाल्यामुळे तिला या कोवळ्या फुटव्यांखेरीज फारसे काही उरत नाही. कोंब वारंवार खुडले गेले तर मुळांतला साठा संपतो, चांगली गवते मागे पडतात आणि घाणेरीसारखी, जनावरे तोंड न लावणारी झुडपे जागा घेतात. झाडांचे गणित निराळे आहे. रोपाला आगीच्या उंचीच्या वर जायला सलग काही वर्षे लागतात. दरवर्षी जळणारे रोप मुळातून फुटत राहते, पण त्याचे झाड होत नाही.

म्हणूनच जळालेल्या माळाला निदान एक पावसाळा चराईबंदी लागते. ती टिकायची तर शेळ्या-गुरांच्या चाऱ्याची सोय करावी लागते. बी झडल्यानंतर गवत कापून नेण्याची मुभा हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे: चारा घरी येतो, बियाणे माळावरच राहते आणि उन्हाळ्यात पेटायला वाळले गवत कमी उरते.